खिळ्यावरचा चार्जर

मागच्या महिन्यात ऑफिसात माझ्या लॅपटॉपचा चार्जर गेला. अडॅप्टर हे त्याचं कागदोपत्री नाव, पण साताऱ्याच्या एमआयडीसीत सगळे त्याला चार्जरच म्हणतात. दिवा लागेना. आमच्याकडे कॉम्प्युटर बघणारा शिंदे आला, त्यानं जुना काढला, नवा लावला आणि जुना टोपलीत टाकायला निघाला.

"थांब जरा," मी म्हणाले. तो काळा ठोकळा मी कानाशी धरला आणि हळूच हलवला.

"मॅडम, नारळ आहे का तो?"

सगळे हसले, मीही हसले. आत काही वाजत नव्हतं, काही चालतही नव्हतं. मग तो त्याच्या हातात दिला. ही सवय मला सांगलीत लागली, विश्रामबागेत, मगदूम काकूंच्या घरी, हे काही तिथं सांगत बसले नाही. काकू आता नाहीत. म्हणून इथं लिहिते.

माझं गाव उंब्रजहून आत जावं लागतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण त्यासाठी माझ्या आई-वडिलांनी जे केलंय ते मी बघितलंय. बी.कॉम.साठी सांगलीला आले तेव्हा वडील माझ्यासाठी खोली बघत दिवसभर उन्हात फिरले. शेवटी काकूंच्या दारात आलो. काकूंनी ना शिक्षण विचारलं, ना वडील काय करतात ते.

"पोरगी दिवा बंद करून झोपती का?"

"आमच्यात रातची लाईटच नसती," वडील म्हणाले.

"मग ठेवा," काकू म्हणाल्या, आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून आत वळल्या.

अंगानं काडी, पण आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. सुती पातळ, डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत. जैन घर. दिवस बुडायच्या आत काकूंचं जेवण उरकलेलं असायचं. एकदा सूर्य गेला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. वरच्या मजल्यावर आम्ही चार मुली राहायचो आणि चौघींनाही काकूंनी कधी नावानं हाक मारली नाही. ज्या गावाची मुलगी, त्या गावाच्या नावानं हाक. "ए जत, पाणी सोडलंस का?" "तासगाव, केस विंचरायचे तर गच्चीत जा." मी अर्थातच उंब्रज. माझं नाव सुजाता आहे, हे काकूंना माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

आई मला अधूनमधून एसटीनं डबा पाठवायची. उंब्रजच्या स्टँडवर कंडक्टरच्या हातात द्यायचा, सांगलीत मी उतरवून घ्यायचा. त्यात लसणाची चटणी असायचीच. काकूंच्या घरात कांदा, लसूण, बटाटा काही चालायचं नाही. पहिल्यांदा डबा आला तेव्हा त्यांनी लांबूनच ओळखलं.

"ते तुझं बाळ भाईर ठेव."

"बाळ?"

"आईनं पाठवलंय न्हवं? मग बाळच की. खिडकीच्या कट्ट्यावर बसव. तितंच बसून खा."

मी रागावले होते. आईच्या हातचं बाहेर ठेवायचं म्हणजे काय! पण सकाळी बघते तर माझ्या डब्यावर पितळी पातेलं पालथं घातलेलं आणि वर दगड ठेवलेला. मांजर फिरतं म्हणून. त्यानंतर डबा आला की पातेलं आपोआप त्यावर यायचं. ते पातेलं मात्र काकूंनी नंतर घरात घेतलं नाही, ते त्या कट्ट्याचंच झालं.

आता विमलकाकूंबद्दल सांगायला हवं. विमलकाकू म्हणजे काकूंची धाकटी जाऊ. घर मूळचं एकच; दोघे भाऊ हळदीच्या व्यापारात. थोरले भाऊ, म्हणजे काकूंचे यजमान, वारले, आणि पुढं कधीतरी स्वयंपाकघरात मधोमध भिंत उठली. ओटा काकूंच्या वाट्याला आला, मोरी विमलकाकूंकडे गेली. एकीनं नंतर मोरी बांधून घेतली, दुसरीनं ओटा. भांडण कशावरून? जमिनीवरून नाही, सोन्यावरून नाही. मुंग्यांवरून. ऐन पर्युषणात विमलकाकूंनी उंबऱ्यावर मुंग्या मारायच्या खडूची रेघ ओढली, आणि सकाळी तिथं मुंग्यांचा सडा पडलेला. काकू म्हणायच्या, "पर्वात जीव मारले तिनं." विमलकाकू म्हणायच्या, "म्या मारलं न्हाई, रेघ मारली." त्यावर कोण काय बोललं ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही. पण ते परत घेता येण्यासारखं नसावं.

तेव्हापासून बोलणं बंद. पण टाकी एक, गच्ची एक, पाण्याची मोटर एक. न बोलून चालायचं कसं? मग आम्ही मुली होतो. गच्चीत दोघी कपडे वाळत घालायला आल्या की काकू मला हाक मारायच्या.

"उंब्रज, सांग त्यास्नी, टाकी वाहती हाय."

विमलकाकू दोन हातांच्या अंतरावर, तोंडात चिमटा. चिमटा काढून म्हणायच्या, "सांग गं, कान हाईत आमाला."

"कान हाईत तर मोटर बंद करा म्हणावं."

मी पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे विमलकाकूंकडे वळले आणि म्हणाले, "काकू म्हणतात, मोटर बंद करा."

"ऐकलं की त्यांनी!" काकू माझ्यावरच कडाडल्या. "परत कशाला म्हणतीस?"

तेव्हा मला माझं काम कळलं. मी काही पोचवायचं नव्हतं. मी फक्त मध्ये उभं राहायचं होतं.

घरातला कडक नियम एकच. त्या दारात काही मागायला जायचं नाही. विरजण नाही, काडेपेटी नाही, सुईसुद्धा नाही. भाडेकरूंनीही नाही. विमलकाकूंचा मुलगा अक्षय लहानपणी काकूंच्याच मांडीवर वाढलेला. तो नोकरीला बेंगळुरूला गेला तेव्हा फाटकात उभा राहून त्यानं वाकून नमस्कार केला. काकूंनी हात वर केला खरा, पण फाटकापर्यंत गेल्या नाहीत. नंतर दिवसभर त्या तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच तांदूळ परत निवडत होत्या.

माझा लॅपटॉप मामेभावाचा. तो पलटणीतून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं नवा घेतला आणि जुना मला दिला. त्याची बॅटरी कधीच मेलेली. चार्जर लावला तरच चालणार, वायर हलली की स्क्रीन काळी. पुढं चार्जरची वायरही मानेपाशी ढिली झाली. ती एका ठरावीक कोनात वाकवून धरली तरच दिवा लागायचा. मी एका हातानं वायर धरून दुसऱ्या हातानं टाईप करताना काकूंनी बघितलं. खाली गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. वायर वाकवली, वर वरवंटा ठेवला. दिवा लागला.

"आता दोन्ही हातांनी अभ्यास कर," म्हणाल्या. "आणि झोपताना काढ त्याला. तापतंय बघ किती. त्यालाबी जीव असंल."

जीव हा त्यांचा आवडता शब्द. भाजीत जीव, पाण्यात जीव, अंधारात जीव. आम्ही मुली मागं हसायचो.

तर शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. बाकीच्या मुली आपापल्या गावी गेल्या. मी एकटी मागं राहिले, कारण साताऱ्यातल्या कंपनीची मुलाखत होती, ऑनलाईन, आणि आमच्या गावात फोनची रेंज विहिरीच्या काठावर उभं राहिलं तरच यायची. मोबाईलवर चालणार नव्हतं. बोलता बोलता एक्सेलमध्ये काम करून दाखवायचं होतं. संध्याकाळी सहाची वेळ. त्या दिवशी सकाळी चार्जर लावला, वरवंटा ठेवला, दिवा नाही. कोन बदलला, नाही. ठोकळा उचलून हलवला, तर आत खसखस वाजल्यासारखं झालं आणि वायरीच्या भोकातून मुंग्या बाहेर आल्या. एक नाही, रांगच. तोंडात पांढरी अंडी.

उन्हाळ्याच्या शेवटी मुंग्यांना ऊबदार, कोरडी जागा लागते म्हणे. माझा चार्जर त्यांना घरासारखा वाटला असणार. मी तो फरशीवर आपटायला हात उचलला, तेवढ्यात मागून मनगट धरलं गेलं.

"ठेव खाली."

"काकू, आज माझी मुलाखत आहे!"

"आणि त्यांचं बाळंतपण हाय. ठेव."

मला रडू आलं, संतापानं. त्यांनी तो ठोकळा दोन्ही हातांत, तेलाचं भांडं न्यावं तसा, परसात नेला. दोन्ही घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीवर सावलीत ठेवला. हातभर अंतरावर पानावर गुळाचा खडा. मुंग्या एकेक करून उतरायला लागल्या. काकू पाटावर बसून बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर कंपनी, नोकरी, वडिलांनी गावात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं, सगळं त्या गुळाच्या खड्यावर येऊन थांबलं होतं.

"दुसरा आणू की," काकू म्हणाल्या. "चल दुकानात."

"नमुना लागेल. हा न्यावा लागेल."

"त्याला हलवायचं न्हाई." त्यांनी विचार केला. मग आत जाऊन संध्याकाळच्या चपात्यांसाठी मळलेल्या कणकेचा एक गोळा घेऊन आल्या. भिंतीवरून लोंबणारी वायर उचलली, तिच्या टोकाची पिन गोळ्यात दाबली आणि काढली. गोल ठसा, मधोमध बारीक काडी.

"काकू, मी लेबलाचा फोटो काढलाय मोबाईलवर."

"फोटोत जाडी कळती व्हय?"

भर दुपारी आम्ही दोघी निघालो. काकू अनवाणी, हातात वाटीत कणकेचा गोळा, वर ओलं फडकं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आधी माझा फोटो बघितला, मग गोळा, मग काकूंना.

"मावशी, चार्जर हवाय का चपाती लाटून देऊ?"

"तुला हसायचं असलं तर हसून घे. मग हुडक."

त्यानं खरंच हुडकला. एकाचे व्होल्ट जुळले तर पिन जाड, एकाची पिन बसली तर व्होल्ट वेगळे. "मिरजेहनं मागवतो, परवा मिळंल," म्हणाला. पुढच्या दुकानाला कुलूप. कॉलेजच्या लॅबला सुट्टीचं कुलूप.

घरी आल्यावर मी म्हणाले, "विमलकाकूंकडे अक्षयदादाचा जुना लॅपटॉप आहे. माझ्या लॅपटॉपच्याच कंपनीचा. मी जाऊन मागते."

"न्हाई."

"मी मागते ना. तुम्ही नाही."

"माझ्या घरात राहतीस. तुझं मागणं म्हंजे माझंच मागणं."

मी पाय आपटत गच्चीवर गेले. कंपनीला फोन लावला, दुसरी वेळ मिळेल का विचारलं. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, यादी आजच पूर्ण करायची आहे, तुमच्यानंतरही मुली आहेत. मी "बरं" म्हणाले. ते बरं मला इतकं मोठ्यानं म्हणायचं नव्हतं, पण म्हटलं गेलं. खाली परसात काकू पाटावर बसलेल्या होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि मग मुंग्यांकडे.

थोड्या वेळानं त्या उठल्या. कणकेची वाटी घेतली. मला वाटलं आत जातात. पण त्या फाटकातून बाहेर पडल्या, आणि भिंतीला वळसा घालून शेजारच्या फाटकात शिरल्या. गच्चीतून दोन्ही दारं दिसतात. मी कठड्याला धरून उभी राहिले. मध्ये उभं राहायला आज कुणी नव्हतं.

विमलकाकू दारातच सांडगे घालत होत्या. हात तसेच राहिले.

काकू पायरीखाली उभ्या. पदर पुढं ओढला. घसा खाकरला. आणि म्हणाल्या,

"विमल, अक्षयच्या चार्जरची पिन बारीक हाय का जाड?"

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे.

विमलकाकूंनी हात पुसले. पुसतच राहिल्या. "बघाय लागंल, आक्का," म्हणाल्या, आणि आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात सुतळीनं बांधलेला चार्जर होता. काकूंनी वाटी पुढं केली. विमलकाकूंनी ती कणीक बघितली. पिन ठशात घातली. बसली.

नंतर मी काकूंना विचारलं होतं, थेट लॅपटॉपला लावून बघता आलं असतं, कणीक कशाला? म्हणाल्या, "मागून आणायचं आणि बसलं न्हाई म्हणून परत न्यायचं? एकदाच जाणार हुते मी. वाया जाऊन चाललं नसतं."

तेव्हा मात्र दोघी तशाच उभ्या होत्या. विमलकाकूंची नजर भिंतीवर गेली.

"मुंग्या लय झाल्यात. माझ्याकडं उतराय लागल्यात."

"मग ओढ की खडू..." काकूंच्या तोंडून गेलं आणि त्या थांबल्या.

विमलकाकूंनी सांडग्यांचं ताट उचललं आणि भिंतीपासून लांब नेऊन ठेवलं. मुंग्यांना वाट मोकळी झाली.

"कंदी हाय तिची परीक्षा?" त्यांनी विचारलं. मुलाखतीला दोघी परीक्षाच म्हणायच्या.

"सहाला. कुणी मोटर लावू नका. दिवे मिचकत्यात."

"न्हाई लावत."

चार्जरवरचे व्होल्ट मी जुळवून बघितले, तेच होते. दिवा लागला, वरवंट्याशिवाय. सहाची मुलाखत सुरू व्हायलाच उशीर झाला. आधीच्या कुणाचं तरी लांबलं होतं. मला प्रश्न विचारायला लागले तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालेलं. मी काय बोलले ते आठवत नाही. बोटं चालत होती एवढं आठवतं. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे, कळवू," आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की झालं.

खाली आले तर जिन्यात अंधार. मीटरच्या पेटीजवळ काकू उभ्या, मोटरच्या बटणावर पहारा असल्यासारख्या. पेटीच्या पलीकडच्या अंगाला, आपल्या पायरीवर, विमलकाकू बसलेल्या.

"झालं?"

"झालं, काकू. बहुतेक झालं."

"मग चला," काकू म्हणाल्या.

"तुम्ही जेवलात?" मी विचारलं.

दोघी आकाशाकडे बघायला लागल्या. दिवस कधीच बुडाला होता. दोन्ही घरांत त्या संध्याकाळी चूल पेटली नव्हती. उन्हाळ्याचे दिवस, आणि आता सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही.

"उपास घडला," काकू म्हणाल्या. "घडतोय कवा तरी."

मिरजेहून माझा नवा चार्जर आला. विमलकाकूंचा मी पुसून, सुतळी बांधून काकूंकडे नेला. "देऊन येऊ का?"

"आज चौदस हाय. राहू दे."

दोन दिवसांनी परत विचारलं. "आज ती गावाला गेली असंल." विमलकाकू त्या वेळी गच्चीत पापड वाळत घालत होत्या, आम्हा दोघींनाही दिसत होतं. मग मी विचारणं सोडलं. साताऱ्याला निघाले तेव्हा चार्जर काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच द्या."

मुंग्या गेल्यावर माझा जुना ठोकळाही काकूंनी मला कानाशी लावून हलवायला लावला. "ऐक. कोण मागं राहिलं न्हाई न्हवं?" मग टाकू दिला.

डिग्रीचा कागद घ्यायला सांगलीला गेले, ती माझी काकूंशी शेवटची भेट. साताऱ्याहून कंदी पेढे नेले होते.

"ये उंब्रज."

"आता सातारा म्हणा की, काकू. नोकरी साताऱ्यात."

"नोकरी लागली म्हणून गाव बदलतंय व्हय?"

त्या थकल्या होत्या. भिंतीला धरून चालत होत्या. स्वयंपाकघरातली ती भिंत होती तिथंच होती. पण तिच्यात डोळ्यांच्या उंचीवर एक खिळा मारलेला, आणि खिळ्याला लोंबत होता अक्षयचा चार्जर. प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधलेलं. मुंग्या शिरू नयेत म्हणून.

मी काही म्हणायच्या आत मागच्या दारातून विमलकाकू आल्या. हातात मेथीची जुडी. खिळ्याकडे एकदा बघितलं.

"आक्का, आमचा चार्जर झाला का ओ वापरून?"

"न्हाई अजून," काकू म्हणाल्या. "लागतोय मला."

"असू दे मग. उद्याच्याला येती बघाय."

आणि विमलकाकू परत फिरल्या नाहीत. काकूंच्या शेजारी मांडी घालून बसल्या, जुडी सोडली, निम्मी काकूंपुढं सरकवली. त्या घरात लॅपटॉप नव्हता. वरच्या खोल्याही त्या वर्षी रिकाम्या होत्या. हे दोघींना माहीत होतं, आणि मी तोंड उघडलंच तर काकूंनी मला कट्ट्यावर बसवलं असतं, डब्यासारखं.

बसची वेळ झाली. फाटकातून वळून बघितलं. ऊन उतरणीला लागलेलं, दार उघडं. आतमध्ये दोघी मेथी निवडत होत्या, घाईघाईनं. दिवस बुडायच्या आत जेवायचं होतं.